वांझ अंड्यांची राखण

भिलाईच्या घरी पिंजऱ्यातल्या निळ्या पाखराने पहिले अंडे घातले, त्या सकाळी आई आणि मी, दोघीही काही वेळ गप्पच झालो. पाखरू एकटे होते. नर घरात कधी आलाच नव्हता. वडील गेल्यावर आईला सोबत म्हणून ते आणले, तेव्हा दुकानदाराने त्याला ‘लव्हबर्ड’ म्हटले होते. आपल्याकडे सर्रास तसेच म्हणतात. वस्तुतः तो बजरीगर, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला लहानसा पोपट. जॉन गूल्डने १८४० मध्ये या जातीचे जिवंत पक्षी इंग्लंडला नेले आणि पुढे ते जगभरच्या पिंजऱ्यांत पोहोचले. आईने त्याचे नाव ठेवले होते निळोबा. संतांचे नाव धारण करणाऱ्याने अंडे घातल्यामुळे ते बदलून ‘निळी’ करणे भाग पडले. चोचीच्या मुळाशी असलेला मांसल भाग नरात निळा असतो, मादीत विणीच्या दिवसांत गडद तपकिरी होतो. ही खूण कित्येक दिवस डोळ्यांसमोर होती. पण पोथ्यांतले पाठभेद शोधणाऱ्या मला ती वाचता आली नव्हती.

नराशिवाय घातलेले अंडे फळत नाही. तेव्हा ते ठेवायचे कशाला, असा सरळ तर्क करून मी ते उचलले. एक दिवस गेला आणि तिने दुसरे घातले. तेही मी काढले. तिसरे, चौथे... दर दिवसाआड एक. आई म्हणाली, “अगं, बसू दे ना तिला. तुझं काय जातंय?” मी तिला शास्त्र सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि मी काढलेली अंडी कापूस घातलेल्या वाटीत ठेवून दिली.

पाचव्या अंड्याच्या वेळी निळी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली. शेपूट प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होत होते. अंडे अडले होते. पशुवैद्यांनी ऊब दिली, कॅल्शियम दिले. संध्याकाळी ती कशीबशी मोकळी झाली. मग त्यांनी मला जे सांगितले, ते मी विसरणार नाही. अंड्याचे कवच पाखरू आपल्या हाडांतून काढून देते. घरट्यातली अंडी नाहीशी झाली, की पुरेशी संख्या भरली असे त्याला वाटत नाही आणि ते घालीतच राहते. म्हणजे मी अंडी काढीत नव्हते. तिची हाडे काढीत होते.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला : खोलीत दिवा किती वेळ असतो? मी सुट्टीला आल्यापासून त्याच खोलीत मध्यरात्रीपर्यंत वाचीत असे. दाणे मुबलक, दिवस लांब, आणि खेळायला म्हणून मीच टांगलेली नारळाची करवंटी. विणीचा हंगाम आला, असे पाखराने समजावे याला एवढे पुष्कळ झाले. तिच्या मायदेशी हा निरोप पाऊस देतो. इथे तो माझ्या वाचनाच्या दिव्याने दिला होता.

वाटीतली अंडी परत पिंजऱ्यात गेली. काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेनाचा तुकडा आणून जाळीला अडकवला. सूर्यास्तानंतर पिंजऱ्यावर कापड पडू लागले. माझा दिवा स्वयंपाकघरात गेला. उरले ते वाट पाहणे.

पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्राने पळवली, ही गोष्ट मी कितीदा शिकवली आहे. दर वेळी माझी सहानुभूती अर्थातच टिटवीकडे. समुद्राच्या जागी आपण असू शकतो, हे कधी मनात आले नव्हते. त्या कथेत गरुड धावून जातो आणि शेवटी समुद्राला अंडी परत करावी लागतात. हा गरुड कोण? महाभारताच्या आदिपर्वात विनतेने उतावीळपणे पहिले अंडे फोडले आणि अर्धवट घडलेला अरुण बाहेर आला. दुसऱ्या अंड्याला तिने हात लावला नाही, त्यातून गरुड जन्मला. दोन ग्रंथांतल्या या कथा मी वेगवेगळ्या वर्गांत शिकवीत आले. थांबण्यातून जन्मलेलाच अंडी परत मिळवायला जातो, हे त्या दिवसांत प्रथम लक्षात आले.

पण निळीच्या अंड्यांतून कोणीच येणार नव्हते. मग हे थांबणे कशासाठी? मी आईला तसे विचारलेही. वडिलांची सारी नोकरी इथल्या पोलाद कारखान्यात झोतभट्टीवर गेली. १९५९च्या फेब्रुवारीत इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशा भट्ट्या वर्षानुवर्षे अखंड चालतात. आई म्हणाली, “तुझे बाबा म्हणायचे, भट्टी म्हणजे काय चूल आहे, पाणी ओतून विझवायला? तिला तिच्या कलानंच निववावी लागते.”

बजरीगराची अंडी उबायला साधारण अठरा दिवस लागतात. अठरा झाले, वीस झाले, निळी बसूनच होती. आई सकाळी भिजवलेले राळे ठेवी आणि काही न बोलता तिथेच भाजी निवडीत बसे. तेविसाव्या दिवशी निळी आपण होऊन उठली, दांडीवर चढली आणि समुद्रफेनावर चोच घासू लागली. आईने आणखी चार दिवस जाऊ दिले. मग करवंटी काढली आणि अंडी अंगणात तुळशीच्या मुळाशी पुरली.

माझा दिवा अजून स्वयंपाकघरातच आहे.