चामडं, बूच की फिशस्किन?

क्लॅरनेटचं सगळं शास्त्र शेवटी एका प्रश्नावर येऊन थांबतं : बंद केलेलं भोक खरंच बंद झालंय का? ते काम चावीखालचं छोटं गोल पॅड करतं. पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर नमदा, वर पातळ आवरण. सतरा चाव्यांच्या क्लॅरनेटला अशी सतरा पॅडं. वरचं एखादं हवा सोडायला लागलं, तर त्याखालचे सगळे सूर फुसके होतात. आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वाजवणाराच कच्चा आहे.

माझा थोरला चुलतभाऊ नगरकडच्या एका बँडपार्टीत क्लॅरनेट वाजवतो. (कागदोपत्री अहिल्यानगर झालं, आमच्या तोंडी अजून नगरच.) डीजे आल्यापासून सुपाऱ्या निम्म्यावर आल्यात. तुळशीच्या लग्नानंतर जे मिळेल त्यावर घर चालतं. मला लहानपणापासून वस्तू उघडून बसायची खोड, म्हणून वाद्य माझ्याकडे आलं.

पॅड निवडायला शिकलो ते बास क्लॅरनेटवरचं वाचून. अडॉल्फ साक्सनं 1838मध्ये सुधारून पेटंट घेतलेलं हे अजस्र वाद्य आमच्या वरातीत कधी दिसणार नाही. पण तिथे भोकं मोठी, पॅडं मोठी. त्यामुळे नेहमीच्या क्लॅरनेटमध्ये जी चूक केसाएवढी, ती तिथे डोळ्यांना दिसते. पॅड जितकं मोठं तितकं ते सगळीकडून सारखं टेकवणं अवघड. म्हणून मोठ्या चाव्यांना बहुतेक जण चामड्याचंच पॅड लावतात. ते मऊ असतं, टिकतं, थोडं सांभाळून घेतं.

फिशस्किनचं पॅड वेगळं. नावात मासा, पण असते गुराच्या आतड्याची पापुद्र्यासारखी त्वचा. (दादा माळकरी. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "पखवाजाला काय रेशीम लावत्यात का?") हे पॅड चटकन बंद होतं, आवाज खुला येतो असं वाजवणारे सांगतात. पण पापुद्रा फाटला की संपलं. बुचाचं पॅड छोट्या भोकांना छान बसतं, फक्त भोकाची कड साफ गुळगुळीत हवी.

दादाचं म्हणणं एकच : "गोड आवाज घेऊन काय करू? ताशापुढं ऐकू गेला पाहिजे." या हिशेबानं फिशस्किन. पण मला दिसत होता मे महिन्यातला पाथर्डी रस्त्याचा फुफाटा, घाम, आणि भर वरातीत फाटलेला पापुद्रा. तालुक्यात तो बदलून देणारा कोण आहे? नादाची चर्चा बंद सभागृहात करावी. उघड्यावर, ट्रम्पेटच्या शेजारी, न गळणारं पॅड हेच मोठ्या आवाजाचं पॅड.

शेवटी खालच्या मोठ्या चाव्यांना चामडं, वरच्या रजिस्टर चावीला आणि तिच्या शेजारणींना बूच, मधे फिशस्किन. मापं जुन्या पॅडांवरून घेतली नाहीत. ती दबून गेलेली असतात. चावीची वाटीच व्हर्नियरनं मोजली. जाडीवर तर दोन दिवस गेले. पॅड जाड झालं की मागची कड आधी टेकते आणि पुढून हवा सुटते. चिकटवायला पॉलिशवाल्याकडचा चपडा. गरम केला की मऊ, पॅड हलवून सरळ करता येतं, थंड झाला की घट्ट. मग सिगारेटच्या कागदाची पट्टी पॅडखाली चारी बाजूंनी घालून ओढायची. चारही ठिकाणी सारखी अडली पाहिजे. अकरावं पॅड मी पाच वेळा तापवलं.

दादानं सगळी भोकं झाकून तळाचा सूर धरला. श्वास संपेपर्यंत तो हलला नाही. मग दादानं क्लॅरनेट खाली घेतलं, चाव्या उलटसुलट दाबून पाहिल्या आणि विचारलं, "मधलं फाटलं तर?"

फिशस्किनची चार पॅडं आणि चपड्याचा तुकडा कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून मी वाद्याच्या पेटीत ठेवले, आणि त्याला मेणबत्तीवर चावी तापवायला शिकवलं. पहिली सुपारी शेवगावची आहे.