मागची बैठक

वजन कमी करण्याचा विषय आमच्या घरांत यापूर्वींहि अनेकदां निघाला आहे. परंतु तो दिवाळीनंतर निघावयाचा आणि संक्रांतीच्या सुमारास विरून जावयाचा, असा परिपाठ होता. गेल्या वर्षीं मात्र तो मोटारीच्या निमित्तानें निघाला, आणि त्यानें घरांतील एकेका माणसाला कांट्यावर उभें केलें.

मोटार म्हणजे २०१४ सालीं घेतलेली फोक्सवॅगन पोलो, चाकणच्या कारखान्यांत तयार झालेली. जिला पाठीमागें सामानाची स्वतंत्र पेटी नसून वर उचलावयाचें दार असतें, अशा 'हॅचबॅक' जातीची. रविवार कारंज्याच्या गर्दींत ती सहज वळते आणि संकष्टीला नवश्या गणपतीला जातांना चौघांना पुरते, एवढ्याच विचारानें मीं ती घेतली होती. तिच्या १,१९७ घनसेंटिमीटरच्या चिमुकल्या यंत्रांत टर्बोच्या साहाय्यानें १०५ अश्वशक्ति कोंडलेली आहे, हें मीं कागदावर वाचलें होतें, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता. चिरंजीव त्या वेळीं बारावींत होते; त्यांना तो तेव्हांच कळला असावा. कारण अकरा वर्षांनंतर, अंबडच्या एका कारखान्यांत नोकरीला लागून स्थिरस्थावर झाल्यावर, एके दिवशीं जेवतांना ते म्हणाले,

"बाबा, आपल्या गाडींतून शंभर किलो काढावयाचे आहेत."

सौभाग्यवतीनें भाताचा वाढा हातांतच धरून विचारलें, "आणि ते ठेवावयाचे कोठें?"

हा प्रश्न पुढें किती खरा ठरणार होता, याची आम्हां कोणालाच कल्पना नव्हती.

प्रकरण असें होतें. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम येथें करी मोटर स्पीडवे नांवाची, २.१ किलोमीटर लांबीची बंदिस्त धावपट्टी आहे. मारुति ८०० चें यंत्र घेऊन ज्यांनीं फॉर्म्युला मारुति नांवाची एकआसनी शर्यतीची गाडी घडविली, त्या एस. करिवर्धन यांचें १९९५ सालीं विमान-अपघातांत निधन झालें. त्यांचें नांव या पट्टीला दिलेलें आहे. तेथें कांहीं दिवशीं शुल्क भरून, शिरस्त्राण घालून, कोणासहि आपली घरची गाडी पळवितां येते. यास 'ट्रॅक डे' म्हणतात. ही शर्यत नव्हे. बक्षीस नाहीं, प्रतिस्पर्धी नाहीं. घड्याळ तेवढें समोर असतें. चिरंजीवांना तेथें जावयाचें होतें, आणि जाण्यापूर्वीं गाडी हलकी करावयाची होती.

मीं रागावावयास हवें होतें. परंतु येथें माझी एक दुबळी बाजू सांगणें भाग आहे. माझी सारी नोकरी ओझरच्या विमानांच्या कारखान्यांत झाली. १९६४ सालीं निघालेल्या त्या कारखान्यानें आधीं मिग आणि पुढें सुखोई विमानें बांधलीं. विमान तीन ठिकाणीं उचलून धरून तोलावयाचें, आणि त्या तीन आंकड्यांवरून त्याचा गुरुत्वमध्य कोठें येतो तें काढावयाचें, हें काम मीं कित्येक वर्षें केलें आहे. निवृत्तीनंतर माझ्या हातीं भाजी तोलण्यापलीकडे कांहीं उरलें नव्हतें. तेव्हां मुलाच्या तोंडून 'शंभर किलो' हे शब्द ऐकतांच माझ्या मनांत जें कांहीं हललें, तें पितृप्रेम खासच नव्हतें.

वेगवान् हॅचबॅक आणि हलकेपणा यांचा संबंध जुना आहे. १९७६ सालीं विक्रीस आलेली पहिली गोल्फ जीटीआय ११० अश्वशक्तीची होती आणि तिचें वजन अवघें सुमारें ८०० किलो होतें. पुढें सुरक्षिततेचीं आणि सुखसोयींचीं साधनें वाढत गेलीं, तसतशा या गाड्या जड झाल्या. मग रेनोनें २००८ सालीं मेगान आर२६.आर ही गाडी काढली. तिची मागची बैठक काढून टाकली, मागच्या कांचांच्या जागीं पॉलिकार्बोनेट बसविलें, आणि एकंदर १२३ किलो उतरविले. लोकांनीं जास्त पैसे देऊन कमी गाडी घेतली! एकादशीच्या फराळाचा खर्च रोजच्या जेवणाहून अधिक होतो, तशांतलाच हा प्रकार.

दिंडोरीकडील एका स्नेह्यांकडून द्राक्षांच्या पेट्या तोलावयाचा कांटा आणला, आणि एका शनिवारीं सकाळीं आमच्या अंगणांत शस्त्रक्रियेस आरंभ झाला. प्रथम निघाला तो संसार. छत्र्या तीन, पाण्याच्या बाटल्या पांच, २०१५ च्या सिंहस्थांत घेतलेली घडीची खुर्ची, काळारामाच्या दर्शनाचा एक वाळलेला नारळ, सौभाग्यवतीच्या माहेरचा एक पितळी डबा, जो चार वर्षें 'हरवला' होता. हें सर्व मिळून ११ किलो. सुटें चाक, जॅक आणि पाने, १९ किलो. मागचें फळकूट, चटया आणि सामानाच्या जागेचा गालिचा, ९ किलो. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतें. ४५ लिटरची टांकी भरून नेण्याऐवजीं १५ लिटर ठेवलें तर आणखी २२ किलो. हलक्या धातूचीं चाकें घेतलीं तर चारांत मिळून ८. हे आठ दिसावयास थोडे, पण चाक नुसतें पुढें जात नाहीं, तें फिरतहि असतें; धांवेच्या कडेवरील किलोला वेग देण्यास जवळजवळ दुप्पट शक्ति लागते. आणि शेवटीं मागची बैठक: आसन व पाठ मिळून २७.

एकूण ९६. चार किलो कमी पडले, म्हणून चिरंजीवांनीं स्वतःच्या पोटाकडे पाहिलें, आणि त्या दिवसापासून त्यांच्या ताटांतील तूप बंद झालें.

आग्रा रस्त्यावरील मालमोटारींच्या कांट्यावर आम्हीं गाडी आधीं एकदां तोलून घेतली होती. भरलेल्या टांकीसह ती १,१४० किलो भरली होती. मग पुढचीं दोनच चाकें फळीवर घेऊन पाहिलें: ६८०. म्हणजे मागच्या चाकांवर ४६०. कांटेवाल्यानें "साहेब, माल कोठें आहे?" असें विचारलें, त्यास मला समर्पक उत्तर देतां आलें नाहीं.

हे दोन आंकडे मला फार महत्त्वाचे वाटत होते. भार किती, हा अर्धा प्रश्न; भार कोठें, हा उरलेला अर्धा. आमच्या गाडीचें यंत्र पुढें, ओढणारीं चाकें पुढचीं, आणि आम्ही जें काढीत होतों तें बहुतेक सारें मागचें. हिशेब केला तेव्हां मागच्या चाकांवर शंभरांतील चाळीस भाग पडत होते, त्यांचे छत्तीसच राहणार असें दिसलें. असली गाडी सरळ रस्त्यावर चपळ होते खरी. परंतु भर वळणांत चालकानें दचकून पाय उचलला, कीं भार एकदम पुढें झुकतो आणि हलकें झालेलें शेपूट बाहेर पडूं पाहतें. हें मीं कागदावर बाण काढून समजाविलें. चिरंजीवांनीं मान हालविली. मुलांनीं मान हालविली म्हणजे त्यांनीं ऐकलें, असा आपला एक समज असतो.

फायदाहि मोठा होता, हें कबूल केलें पाहिजे. ऐंशी किलोचा चालक धरून १,२२० चे १,१२४ झाले, कीं १०५ घोडे ११४ असल्यासारखे ओढतात. ब्रेकला थोपवावी लागणारी ऊर्जाहि त्याच प्रमाणांत घटते. तथापि मीं एक अट घातली: आधीं ब्रेक, मग वजन. ब्रेकमधील तेल हवेंतील ओलावा शोषीत असतें. डॉट ४ जातीचें नवें तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. पाणी शोषलेल्या तेलासाठीं तीच मर्यादा १५५ पर्यंत खालीं येते. वारंवार ब्रेक दाबतां दाबतां तेलांत वाफ झाली, कीं पाय तळाशीं जातो आणि गाडी थांबत नाहीं. तेल आणि ब्रेकचे पॅड दोन्ही नवे घातले. हवेच्या पिशव्या, पट्टे, दारांतील आडव्या पोलादी कांबी यांना हात लावावयाचा नाहीं, ही दुसरी अट. आंत लोखंडी पिंजरा बसविण्याची टूम निघाली होती, तीहि मीं मोडून काढली. पट्टीवर शिरस्त्राण असतें म्हणून पिंजरा तारतो. कॉलेज रोडवर उघडें डोकें त्याच कांबीवर आदळलें, तर तो मारतो. आणि जें काढावयाचें तें पान्यानें निघेल आणि पान्यानेंच बसेल असें असावें, कापाकापी नको. कारण मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ रूपांत मनमानी फेरफार करतां येत नाहींत.

इतकें सारें शहाणपण मीं पाजळलें. आतां पुढचें सांगतों.

काढलेली बैठक आम्हीं ओटीवर भिंतीला टेकून ठेवली. दुपारीं पाहतों तों माझी आई तीवर बसून मटार सोलीत आहे! तिचें वय ब्यायशी. गाडींत तिची जागा ठरलेली, डाव्या बाजूची मागची. पुढें बसलें कीं तिला समोरची वाहनें अंगावर येतात असें वाटतें. "ही केवढ्याची भरली रे?" तिनें नातवास विचारलें. "सत्तावीस, आजी." मग तिनें हट्टानें स्वतःसहि कांट्यावर तोलून घेतलें. एकेचाळीस भरली. "म्हणजे मी या बांकाहून जड! मग आधीं मलाच उतरावयाला हवें होतें." सर्व हंसले. मीहि हंसलों.

रविवारीं संध्याकाळीं चिरंजीव म्हणाले, "बाबा, बैठक बसवून टाकूं. चाळीस मिनिटांचें काम आहे." मीं म्हटलें, "राहूं दे. उद्यां कांट्यावर जाऊन रिकामी गाडी पुनः तोलूं, पुढचीं चाकें, मागचीं चाकें. मग बसव." मला माझा छत्तीसचा आंकडा खरा ठरलेला पाहावयाचा होता.

त्या रात्रीं दीड वाजतां आईला धाप लागली. बसवेना, निजवेना. चिरंजीवांनीं गाडी काढली, मीं आईला हातांवर उचलून आणली, आणि मागचें दार उघडलें. आंत उघडा पत्रा होता. पुढच्या आसनावर तिला एकटीला बसवावें, तर धरावयास शेजारीं कोणी नको काय? ती तर मानहि सांवरूं शकत नव्हती. कांहीं क्षण आम्ही तिघें त्या पत्र्याकडे पाहात उभे राहिलों. मग सौभाग्यवती अनवाणी धांवली आणि तिनें शेजाऱ्यांचें दार ठोठावलें. ते बिचारे उठले, किल्ली शोधली, त्यांच्या गाडीपुढें लावलेली स्कूटर बाजूला केली. वीस मिनिटें गेलीं असतील. विमानांचे गुरुत्वमध्य काढणारा मी, आईला मांडीवर घेऊन ओटीवरील त्याच बैठकीवर बसलों होतों.

तिच्या फुप्फुसांत पाणी झालें होतें. वेळेवर आणली, असें डॉक्टर म्हणाले. मला त्या 'वेळेवर' चें फार ओझें वाटलें. पांचव्या दिवशीं ती घरीं आली.

त्या पहांटे मी कपडे नेण्यास घरीं आलों, तों बैठक गाडींत बसलेली होती. चिरंजीव पायरीवर बसले होते, हात काळे. म्हणाले, "बाबा, कोइमतूर रद्द करतों. माझ्या खुळापायीं—" मीं त्याला पुरें बोलूं दिलें नाहीं. त्याचें खूळ रविवारीं संध्याकाळींच संपलें होतें. उरलेली रात्र माझ्या खुळाची होती. हें मीं त्याला तेव्हां सांगितलें, आणि सौभाग्यवतीला महिन्यानें. आईला अजून सांगितलेलें नाहीं.

तो गेला, तो आईच्याच आग्रहानें. बैठक गाडींत ठेवूनच चौदाशे किलोमीटर नेली. तेथें पट्टीच्या कडेला काढली, सायंकाळीं पुनः बसविली. सकाळच्या भरल्या गाडीपेक्षां दुपारच्या हलक्या गाडीनें फेरी सव्वा सेकंद लवकर पुरी केली. यांतील कितीसा भाग किलोंचा आणि कितीसा अर्ध्या दिवसांत सुधारलेल्या हाताचा, याविषयीं आमच्यांत मतभेद आहेत. माझ्या मतें हाताचाच अधिक. एका वळणांत त्यानें पाय उचलला आणि गाडी गरकन फिरून हिरवळीवर गेली. इजा कोणास झाली नाहीं. फोनवर म्हणाला, "बाबा, तुमचा बाण आज दिसला."

आईला आतां दर पंधरवड्यास तपासणीस न्यावें लागतें. दार उघडलें कीं ती आधीं हातानें बैठक चांचपून पाहते, आणि मगच बसते. यंदां चिरंजीवांना पुढचें डावें आसन काढावयाचें आहे. तें १७ किलो आहे. काढणें आणि बसविणें मिळून किती मिनिटें लागतील, तें मीं लेखी मागितलें आहे.