मध्यम

डिसेंबरात येलहंक्याला संध्याकाळी गच्चीवर बसायचे तर अंगावर शाल हवी. त्या दिवशी शाल पांघरून मी बसलो होतो आणि समोरच्या तिपाईवर भाच्याने परदेशातून आणलेला एक सिगार होता. डोमिनिकन प्रजासत्ताकातला, पाच इंच लांब, अंगठ्याएवढा जाड, त्याभोवती सोनेरी कागदी पट्टा. ‘मामा, तुम्ही पारख्याच्या घरातले. ओढून बघा आणि सांगा कसा आहे,’ असे म्हणून त्याने वही उघडली. अशा गोष्टींची टाचणे ठेवण्याचा त्याला नाद आहे. नामवंत परीक्षक पट्टा काढून, नाव झाकून सिगार ओढतात आणि शंभरपैकी गुण देतात, हेही त्यानेच सांगितले. मग पेटीवरच्या इंग्रजी मजकुराचा अर्थ सांगताना तो म्हणाला, ‘हा सौम्य नाही, तीव्रही नाही. मध्यम.’ तो शब्द ऐकला आणि पुढे केलेला माझा हात क्षणभर तिपाईवरच राहिला.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, निपाणीच्या एका वखारीत तंबाखूची पारख करीत. निपाणीची तंबाखू ही विडीची तंबाखू. पावसाळ्यात रोपे लावायची, झाड वाढले की शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे काढीत राहायचे. म्हणजे झाडाचा सारा जोर मोजक्या पानांत उतरतो. पान पिकले की त्यावर तांबूस ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवर शेतकऱ्याची सारी आशा असे. वखारीत माल आला की आबा चिमूटभर तंबाखू तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळीत. हाताला किती चिकटते ते पाहत, वास घेत, कणभर जिभेच्या टोकावर ठेवून थुंकून टाकीत. शेवटी एक विडी वळून पेटवीत आणि दोन झुरके तोंडातच घोळवून सोडून देत. झणका किती, गोडी किती आणि मागे काय उरते, एवढे तीनच प्रश्न ते मालाला विचारीत. त्यापलीकडे त्यांनी तंबाखूला कधी तोंड लावले नाही.

तेच तीन प्रश्न घेऊन मी सिगारकडे वळलो. सिगारच्या पोटात भरणाची पाने असतात, त्यांना बांधून धरणारे एक पान असते आणि वर वेष्टनाचे नितळ, तलम पान असते. भरणात झाडाच्या निरनिराळ्या उंचीवरची पाने मिसळलेली असतात. शेंड्याकडच्या पानांनी ऊन अधिक खाल्लेले असते, म्हणून ती जाड आणि तीव्र, मधली सुगंधाची, तळाची पातळ आणि चांगली जळणारी. या मिश्रणाच्या प्रमाणावर सिगारचा स्वभाव बराचसा ठरतो. वाळलेल्या पानांच्या मोठमोठ्या थप्प्या रचतात. ओलाव्याने आणि दाबाने त्या आतून तापतात. ठरावीक ऊब चढली की थप्पी मोडायची, पाने खालीवर करायची आणि पुन्हा रचायची. असे पुनःपुन्हा केले म्हणजे पानातला अमोनियाचा उग्रपणा निघून जातो. ही ऊब निपाणीच्या माणसाला शिकवावी लागत नाही.

पट्टा काढून ठेवला आणि सिगार दोन बोटांत हलकेच दाबत शेवटपर्यंत गेलो. कुठे पोकळी नव्हती, कुठे गाठ नव्हती. टोक कापून न पेटवताच एक झुरका घेतला; वाळल्या गवताचा वास आला. मग ज्योत जरा दूर धरून दुसरे टोक सावकाश शेकले. पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात तासलेल्या देवदाराचा वास होता आणि धूर नाकावाटे सोडताना मिऱ्याचा बारीक चटका. राख पांढुरकी, इंचभर होईतो ढळली नाही. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो. पण म्हणून तो निरुपद्रवी होत नाही, तोंडाचा कर्करोग त्यानेही होतो, हे मी भाच्याला सांगितले. त्याने मान हलवली आणि ते वाक्य वहीत लिहिले नाही. मधल्या हिश्श्यात भाजल्या शेंगदाण्याची गोडी उतरली. झणका होता, पण त्याने गोडीला दडपले नव्हते. एकही गुण दुसऱ्यावर चढत नव्हता. या अर्थाने ‘मध्यम’ हा शब्द किती मानाचा आहे!

वखारीत त्याचा अर्थ निराळा होता. १९७४ साली मी चौदा वर्षांचा होतो आणि सुटीच्या दिवशी आबांचा डबा घेऊन वखारीत जात असे. एकदा वेदगंगेच्या काठच्या एका शेतकऱ्याची गाडी आली होती. आबांनी चिमूट चोळली, वास घेतला आणि थोड्या वेळाने पुन्हा वास घेतला. वाईट मालाचा ते दुसऱ्यांदा वास घेत नसत, हे मला ठाऊक होते. गादीवर बसलेल्या मालकाने खतावणीचे एक पान उलटले. बोलला काहीच नाही. आबा म्हणाले, ‘मध्यम.’ त्या एका शब्दाने भाव खाली आला. ‘परत एकदा बघा की, आबा,’ शेतकरी म्हणाला. आबांनी तळहात धोतराला पुसला. रात्री घरी मी विचारले, ‘माल चांगला होता ना?’ ते म्हणाले, ‘जीभ माझी, भाव त्यांचा.’ त्या रात्री ते जेवले नाहीत, असे सांगता आले असते तर मला बरे वाटले असते. पण ते जेवले, आणि सकाळी नेहमीच्या वेळी वखारीत गेले.

१९८१ च्या मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे–बंगळूर महामार्गावर येऊन बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला. त्यात शेतकरी मारले गेले. आबा त्या रस्त्याकडे कधी गेले नाहीत. पुढे त्याच रस्त्याने मी बंगळूरला आलो आणि १९८४ साली येलहंक्यात सुरू झालेल्या रेल्वेच्या चाकांच्या कारखान्यात लागलो. भंगार वितळवून ओतलेली पोलादी चाके मी छत्तीस वर्षे तपासली. चाकात चीर आहे की नाही हे ध्वनिलहरी सांगत, पोलाद किती कठीण हे आकडा सांगे. कुणी खतावणीचे पान उलटले म्हणून आकडा बदलत नसे. या कामात मला जे समाधान वाटे त्याचे मूळ कोणत्या दुपारी होते, हे मी कुणाला सांगितले नव्हते.

मध्यंतरी दीपा धनराज आणि युगांतर गटाने निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर केलेला, ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा १९८२ चा माहितीपट पाहिला. आमच्या वखारीतही तोंडाला पदर बांधून बायका तंबाखू कुटत, चाळत. आबांच्या बैठकीपासून त्या दहा हातांवर असत. आबांच्या नाकाला मालातला इवलासा फरक कळे. त्यांचे खोकणे मात्र आम्हा दोघांनाही ऐकू येत नसे. अन्यायाची माझी सारी स्मृती त्या एका शेतकऱ्यापाशी थांबलेली होती. माझ्याही पारखीची मर्यादा तेवढीच.

सिगार शेवटच्या हिश्श्यात आला. धूर गरम झाला, गोडी सरली आणि जिभेच्या मागे कडवटपणा रेंगाळू लागला. मी तो रक्षापात्रात ठेवून दिला. असा सिगार चिरडायचा नसतो, आपोआप विझू द्यायचा.

‘काय लिहू?’ भाच्याने विचारले.

‘बांधणी उत्तम. पान चांगले मुरलेले. शेवट जरा कडू. मध्यम.’

तो खूश झाला. पेटीवरही तेच लिहिले होते. मग त्याने विचारले, ‘आणि आबांनी किती गुण दिले असते?’

‘त्यांनी आधी विचारले असते,’ मी म्हणालो, ‘माल कुणाचा?’

तो हसला. त्याला वाटले, मी पट्ट्यावरच्या नावाविषयी बोलतो आहे.