'नंदेन तप्प?'

विमा कंपनीचा ईमेल आला, तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. 'आपली काही माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे', पुढे दिलगिरी. मी वाचला आणि सोडून दिला.

आठवड्याने आईला फोन आला. बोलणारा अगदी धारवाडी कन्नड बोलत होता. पॉलिसी नंबर, जन्मतारीख, तिचे ऑपरेशन, सगळे त्याला ठाऊक. माहेरची भाषा ऐकून आई विश्वासली. तिने ओटीपी सांगितला आणि नऊ हजार रुपये गेले.

"नंदेन तप्प?" एवढेच ती म्हणाली. चूक तिची नव्हतीच. इशारा मिळूनही गप्प बसलो तो मी.

लगेच 1930 ला फोन केला, बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घेतली, आधारचे बायोमेट्रिक लॉक केले. ओटीपी आपणच दिला तर तक्रारीपूर्वीचे नुकसान आपले, नंतरचे बँकेचे, असे रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात म्हटले होते. म्हणून घाई हवी.

भरपाईचे काय? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड आहे. पण तो सरकारी तिजोरीत जातो. आपल्याला ग्राहक आयोगाकडे जायचे, तर कंपनीचा निष्काळजीपणा आणि आपले नुकसान कागदोपत्री दाखवावे लागते. तो ईमेल आता माझ्या फाइलीत पहिला आहे.

पैशाचे पाहू. पण हल्ली धारवाडहून मामांचा फोन आला, तरी आई विचारते, "उचलू का रे?" याची भरपाई कुणाकडे मागायची?