कोठाराच्या गावातली कन्नी

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालं की निम्म्या वाटेच्या थोडं पुढे पापनाशम लागतं. बाहेरगावची माणसं तिथे उतरतात ती एकशे आठ शिवलिंगांच्या देवळासाठी. मी मात्र आधी तिरुप्पालैत्तुरैला जातो. तिथल्या पालैवननाथाच्या देवळापाशी नायक राजांच्या काळातलं, सतराव्या शतकातलं भाताचं कोठार उभं आहे. विटांचं, गोल, वर निमुळतं होत गेलेलं. कलम हे इकडचं धान्याचं जुनं माप; तसा तीन हजार कलम भात त्यात मावायचा असं सांगतात. आत आता काही नाही, पण त्या भिंतीजवळ उभं राहिलं की या मुलखाचा स्वभाव कळतो. इथे धान्य साठवणं हे देवाचंच काम होतं आणि ते वाटणंही.

कावेरीचे फाटे इथल्या शेतांतून जातात. मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडावेत असा रिवाज आहे. त्या पाण्यावर आधी कुरुवै आणि मग सांबा अशी भाताची पिकं उभी राहतात. सुगीत रस्त्याच्या कडेला भात वाळत पडलेला असतो, सरकारी खरेदी केंद्रापुढे पोत्यांच्या थप्प्या लागतात. अशा मुलखात दारी आलेल्याला ‘जेवलात का’ हाच पहिला प्रश्न. आपले तंजावरचे भोसलेही याच रीतीत मुरले. दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ ओरत्तनाडूला अन्नछत्र बांधलं; रामेश्वरच्या वाटेवरचे यात्रेकरू तिथे जेवायचे. खाऊ घालणं म्हणजे पुण्य, आणि उपाशी ठेवणं म्हणजे पाप, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

अशा गावात माझ्या मावशीच्या सासरी एक कन्नी जातीची कुत्री आहे. घर तंजावरी मराठी. बोलण्यात तमिळ शब्द मुक्कामालाच आलेले, पण देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक. कुत्रीचं नाव मल्ली. काळीभोर, पायांवर आणि डोळ्यांवर तांबूस ठिपके, लांबट तोंड, आणि अंगाने इतकी सडपातळ की पाहुणा ओसरीवर चढताच म्हणतो, “पावम! बिचारी! हिला खायला घालत नाही का?” मावशीच्या सासूबाईंना, म्हणजे घरातल्या आजींना, हा प्रश्न फार लागतो. आयुष्यभर ज्या बाईच्या पानावरून कोणी अर्धपोटी उठलं नाही, तिच्या दारातलं जनावर उपाशी दिसावं! मग दुपारी कोणी नसताना केळीच्या पानाच्या तुकड्यावर तैरसादमचा, म्हणजे दहीभाताचा गोळा मागच्या दाराशी जातो.

मला हे दुःख खरं वाटतं. म्हणूनच मल्लीच्या शरीराविषयी नीट सांगावंसं वाटतं.

कन्नी आणि तिची भावंडं, चिप्पिपारै, ही मुळात तामिळनाडूच्या दक्षिणेकडची, कोविलपट्टी-विरुधुनगरकडच्या काळ्या कोरडवाहू मातीतली कुत्री. तिथे कावेरी नाही. उघडं माळरान, बाभळी, आणि त्यातून सुसाट पळणारा ससा. त्या सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून हे शरीर घडलं. खोल छाती, कारण फुप्फुसाला आणि हृदयाला जागा हवी. आत ओढलेलं पोट आणि कमानदार कंबर, कारण भरधाव पळताना मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे येऊन पडतात, तेव्हा पाठ दुमडायला वाव हवा. पातळ कातडी, आखूड केस, हाडांवर स्नायू, आणि स्नायूंवर चरबी जवळजवळ नाहीच. हे आपल्या वाचकाला नवं नाही. लातूर-उदगीरकडचा कारवानी असाच, आणि मुधोळच्या घोरपड्यांनी ज्याला राजाश्रय दिला तो मुधोळ हाउंडही असाच. मुधोळ आणि राजपालयम २००५ साली टपाल तिकिटांवर आले. पुढे राजपालयम, चिप्पिपारै आणि मुधोळ यांची देशी जाती म्हणून रीतसर नोंदही झाली. नाव झालं, मागणी वाढली, पिल्लं शहरांत आणि भाताच्या मुलखात गेली. जेवणाची रीत मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही. मूळ गावी कंबूची, म्हणजे बाजरीची आंबील, क्वचित शिकारीतला वाटा, आपल्याकडे ज्वारीची भाकरी आणि ताक, आणि त्यावर दिवसभराची पळापळ. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर सशाची शिकार गुन्हा ठरली, ते योग्यच झालं. पण पळणं संपलं, आणि भूक तिथेच राहिली.

भात कुत्र्याला पचत नाही असं काही जण ठासून सांगतात. ते खरं नाही. २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या चुलीशी राहून कुत्रा धान्य खायला शिकला, आणि ते शिक्षण त्याच्या रक्तात उतरलं. तेव्हा प्रश्न भाताचा नाही, मापाचा आहे. अठरा किलोच्या, ओसरीवर पडून राहणाऱ्या कुत्रीला दिवसाला साधारण हजार कॅलरी पुरतात. शंभर ग्रॅम शिजवलेल्या भातात एकशेतीसच्या आसपास असतात. तिच्या वाडग्यात मांस, अंडं, भात मिळून हिशोब पुरा झालेला असताना दुपारचा एक मोठा गोळा, संध्याकाळची उरलेली इडली, पाहुण्याने टाकलेला मुरुक्कू, असं मिळून सहज चौथा हिस्सा वर जातो. आणि तो रोज जातो.

इतक्या सडपातळ कुत्र्यावर चरबी चढलेली चटकन दिसत नाही, हेच तर कठीण. ती आधी कंबरेवर आणि शेपटीच्या मुळाशी साठते. बाकीचे लोक म्हणतात, आत्ता कुठे बरी दिसतेय! डोळ्यांवर भरवसा ठेवू नये, हात लावावा. मल्लीला उभं करून मी बोटं आडवी धरून तिच्या बरगड्यांवरून हलकेच फिरवतो. आपल्या पालथ्या पंजावर दुसऱ्या हाताची बोटं फिरवली की जी हाडं लागतात, तशा बरगड्या लागल्या तर ठीक. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर ती वाळते आहे. तळहाताच्या मांसल भागासारखं लागलं, खाली हाड दाबून शोधावं लागलं, तर वजन वाढलं. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं, माकडहाडाशेजारची दोन टोकं हाताला लागणं, हे कन्नीच्या बाबतीत निरोगीपणच आहे. मात्र मांडीचा स्नायू भरलेला हवा. मांडी पोकळ झाली, पाठीचा कणा आरीसारखा वर आला, तर तिथे ‘जात अशीच असते’ असं म्हणून चालायचं नाही.

कारण या कुत्र्यांवर दुसराही अन्याय होतो. ती बारीकच असणार असं धरून खरा आजार नजरेआड होतो. कावेरीच्या दमट मुलखात हे फार महत्त्वाचं. ऐप्पसी-कार्तिकैच्या पावसात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे, गोचीड माजतात, त्यांच्याबरोबर गोचीड-ताप येतो. ओल्या मातीतून अंकुशकृमी शरीरात शिरतात. कुत्री नेहमीइतकंच खाते आणि तरी उतरते. अशा वेळी हिरड्या फिक्या पडल्या आहेत का बघावं, तिच्या विष्ठेची तपासणी करून घ्यावी, अंदाजाने जंताची गोळी देत बसू नये. ओरत्तनाडूला, जिथे राजांचं अन्नछत्र होतं त्याच गावी, आता पशुवैद्यक महाविद्यालय आहे. भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी. अंगात चरबी कमी असल्याने काही जुन्या भुलीच्या औषधांचा अंमल अशा कुत्र्यांवर फार वेळ राहतो.

वजनाची सोय गावात आपोआप होते. काका तिला कडेवर घेऊन भाताच्या वजनकाट्यावर उभे राहतात, मग एकटे उभे राहतात, आणि वजाबाकी पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात. काट्यावर ती काकांच्या खांद्यावर तोंड टेकून निमूट राहते.

अमेरिकेत लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या चोवीस जोड्यांवर झालेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी आजींना सांगितला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं, जन्मभर. कमी खाणारी कुत्री मध्यकाने जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, आणि सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा आलं. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “दोन वर्षं म्हणजे कुत्र्याला फार झाली रे.”

त्यांच्याकडून तैरसादम काढून घेणं मला क्रूर वाटलं असतं. देणं हा त्यांचा जन्मभराचा धर्म आहे, तो एका कुत्रीपायी मोडायचा नाही. मावशीने सकाळी मल्लीच्या वाडग्यातून तेवढा भात आधीच बाजूला काढायला सुरुवात केली. दुपारी तोच आजींच्या हाताने मागच्या दाराशी जातो, दही थोडं, मीठ नाही. जेवणानंतर तासभर तिला पळू द्यायचं नाही, कारण खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळवटण्याचा धोका असतो. मग ऊन उतरल्यावर कुडमुरुट्टी नदीच्या काठाने तिला मोकळं धावू द्यायचं.

यंदा मल्लीला पिल्लं होऊ द्यायची असं घरात ठरलं आहे. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवस गाभण राहते. शेवटच्या तीन आठवड्यांत खाणं हळूहळू वाढवायचं, आणि पिल्लं अंगावर पिऊ लागली की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतं. तेव्हा आईच्या बरगड्या टोचायला लागल्या तर वाट बघायची नाही, दिवसातून चार वेळा वाडगं भरायचं. आजींनी त्यासाठी आत्तापासून कंबू दळून ठेवायला सांगितली आहे, आणि त्या दिवसांत त्यांचा हात कोणी धरणार नाही.