पंधरा किलो, शंभर सेंटिमीटर

आमच्या रत्नागिरीत कुणी मर्चंट नेव्हीत असेल तर 'तो बोटीवर असतो' एवढंच सांगतात. बोट कसली, कुठे जाते, हे कुणी विचारत नाही. माझा दादा बारा वर्षं असाच 'बोटीवर' आहे. मागच्या वर्षी तो बल्क कॅरियरवर चीफ ऑफिसर झाला आणि बायको-मुलीला दोन महिने सोबत न्यायची परवानगी त्याला मिळाली. वहिनी होही म्हणाली नाही आणि नाहीही. आईने मात्र निकाल दिला, "तिला जायचं तर जाऊ दे. पोरीला नको."

पोर म्हणजे चिऊ. वय वर्षं चार.

त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर दादाचा मेसेज आला : "चिऊचं वजन आणि उंची आजच कळवा. लाइफजॅकेट मागवायचंय." मी तेव्हा घरूनच काम करत होते, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर चिऊ भरली पंधरा किलो चारशे ग्रॅम. दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उंची मोजली, ती अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर.

दादाने नियमाच्या तक्त्याचा फोटो पाठवला. १५ किलोच्या आत आणि १०० सेंटिमीटरच्या आत असेल तर इन्फंट जॅकेट. १५ ते ४३ किलो आणि १०० ते १५५ सेंटिमीटर असेल तर चाइल्ड. त्यापुढे अडल्ट. म्हणजे आमची चिऊ वजनाने चाइल्ड आणि उंचीने इन्फंट. मी टेस्टिंगमधली आहे. सीमेवरच्या आकड्यांनी सिस्टिम कशी गडबडते ते शोधण्याचाच मला पगार मिळतो. दुसऱ्या कुठल्या दिवशी अशी केस सापडली असती तर मी खूश झाले असते. इथे त्या दोन खणांच्या फटीत माझी भाची उभी होती, आणि तिला चॉकलेट हवं होतं.

रात्री मी हे नियम वाचायला घेतले. जहाजांवरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे सोलास. पहिला झाला १९१४ मध्ये, टायटॅनिकनंतर. पण लाइफजॅकेटच्या बाबतीत मला टायटॅनिकपेक्षा तिच्या आठ वर्षं आधीची एक बोट जास्त महत्त्वाची वाटते. १५ जून १९०४ला न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये 'जनरल स्लोकम' पेटली. चर्चच्या सहलीला निघालेली बायकामुलं होती, हजारावर माणसं गेली. आयांनी मुलांना जॅकेटं चढवून पाण्यात सोडलं, आणि मुलं तळाला गेली. आतल्या बुचाचा वर्षानुवर्षं पडून भुगा झाला होता. पुढे तपासात आणखी एक गोष्ट निघाली. एका जॅकेटात सहा पौंड चांगलं बूच हवं, असा तेव्हा नियम होता. बूच पुरवणाऱ्या एका कारखान्याने वजन भरून काढायला बुचाच्या ठोकळ्यांत लोखंडी कांब्या घातल्या होत्या. तरंगण्यासाठी असलेल्या वस्तूत लोखंड! वजनाची टेस्ट पास.

नियम वजन मोजत असेल तर लोक वजन देतात. म्हणून पुढचे नियम जॅकेटात काय भरलंय हे कमी आणि ते पाण्यात काय करतं हे जास्त विचारू लागले. त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न बेशुद्ध माणसाचा. शुद्धीतला माणूस डोकं वर धरतो. बेशुद्ध माणसाला जॅकेटनेच उताणं करायला हवं. हे तपासायचं कसं? दुसऱ्या महायुद्धात एडगर पास्क नावाच्या भूलतज्ज्ञाने स्वतःलाच भूल देऊन घेतली आणि तसंच वेगवेगळी जॅकेटं घालून स्वतःला तलावात सोडायला लावलं. काम ब्रिटिश हवाई दलासाठी होतं, पण प्रश्न तोच. आम्ही ज्याला टेस्टिंग म्हणतो त्यात फार तर सर्व्हर पडतो.

सोलासमध्ये तो प्रश्न आकड्यांत आला : पालथ्या बेशुद्ध माणसाला पाच सेकंदांत उताणं करा, तोंड पाण्याच्या वर १२० मिलिमीटर ठेवा. पण अंगं सारखी नसतात. एकाला पटकन वळवणारं जॅकेट दुसऱ्याला पालथंच ठेवतं. म्हणून २००६ मध्ये ठरलेल्या आणि १ जुलै २०१० पासून लागू झालेल्या दुरुस्तीत एक प्रमाण जॅकेट आणलं. नवीन जॅकेट त्याच माणसांवर त्याच्याशी ताडून बघायचं. आमच्या भाषेत, रेफरन्स इम्प्लिमेंटेशन. इन्फंट, चाइल्ड, अडल्ट हे तीन खणही त्याच दुरुस्तीतले. प्रवासी जहाजांवर इन्फंट जॅकेटं किती हवीत तेही तेव्हाच ठरलं. १ जानेवारी २०२६ पासून नव्या जॅकेटांसाठी हे उताणं करण्याचं कलम पुन्हा बदललं आहे. म्हणजे पास्कचा प्रश्न अजून बंद झालेला नाही.

हे सगळं मी सकाळी वहिनीला उत्साहाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लाटेने ती माझ्यापासून सुटली तर?"

त्याचं उत्तर नियमात होतं. जॅकेटला तरंगणारी, सोडता येणारी दोरी हवी, दुसऱ्याच्या जॅकेटला अडकवता येईल अशी. आणि पाण्यातून उचलून घ्यायला मजबूत पट्टा. मी वाचून दाखवलं. आई भाजी निवडत होती, ती मध्येच म्हणाली, "ते गेटवेच्या बोटीतल्या लोकांना कुठे होत्या दोऱ्या?"

तिचं खरं होतं. १८ डिसेंबर २०२४ला एलिफंटाला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, पंधरा जण गेले. जॅकेट घालणं सक्तीचं झालं ते नंतर. सोलास आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या जहाजांचा. बंदरातल्या फेऱ्यांना इथले नियम. हा फरक आईला समजावण्यात काही अर्थ नव्हता. बुडणाऱ्याला तो कुठे माहीत असतो?

दादाला मी तक्त्यातली फट सांगितली. तो हसला नाही. "माहितीये," म्हणाला. "दोन्ही मागवतोय. घालून बघायचं, पट्टे आवळायचे, खांदे धरून वर ओढायचं. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते तिचं नाही." मग त्याने आपल्या केबिनमधून व्हिडिओ पाठवला : एक जॅकेट खुर्चीला घातलेलं, एक त्याच्या अंगात, मध्ये दोरी. अडकवून दाखवली, सोडवून दाखवली, पुन्हा अडकवली. वहिनीने तो बऱ्याच वेळा पाहिला. तिसऱ्या की चौथ्या वेळी ओढणी घेऊन ती चिऊच्या फ्रॉकच्या पट्ट्याला आपल्याशी बांधून बघत होती.

"रात्री, अंधारात जमेल?" आईने विचारलं.

वहिनीने डोळे मिटले आणि पुन्हा बांधलं. आई काही बोलली नाही. पण संध्याकाळी तिने लाडवांसाठी बेसन भाजायला घेतलं.

चिऊला शेवटी चाइल्ड जॅकेट बसलं, एक पट्टा पूर्ण आवळून. त्याची शिट्टी वाजवून तिने पहिल्याच दिवशी थर्ड ऑफिसरला पळवलं म्हणे. दादाने मस्टर लिस्टचा फोटो पाठवला. आणीबाणीत कुणी काय करायचं याचा हा तक्ता : कुणी बोट उतरवायची, कुणी रेडिओ घ्यायचा. शेवटच्या ओळीत चिऊचं पूर्ण नाव होतं, आणि कामाच्या रकान्यात 'आईसोबत'.