आधी चित्र, मग नाद

मोझर बेअर या कंपनीने २००७ साली चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकावयास आरंभ केला, तेव्हा जी वस्तू तोवर भाड्याच्या दुकानातून एका रात्रीच्या बोलीवर आणावी लागे, ती सामान्य नोकरदाराच्या कपाटात पुस्तकांच्या शेजारी जाऊन बसली. आणि तबकड्या स्वस्त झाल्या म्हणजे त्या चालविणारे यंत्रही घरोघर येणार, या सरळ हिशेबाने बोईसरच्या स्टेशनाजवळील दुकानांत त्या दिवाळीच्या सुमारास डीव्हीडी प्लेअरच्या खोक्यांची रास लागली. आमच्या घरीही ती खरेदी निघाली, आणि तिची सर्व तजवीज वडिलांनी माझ्याकडे सोपविली.

वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, तारापूरच्या अणुवीज केंद्रातून सेवानिवृत्त झालेले. १९६९ साली सुरू झालेल्या त्या केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांवर ज्यांची उमेद खर्ची पडली त्या पिढीतले ते असल्यामुळे, कोणतेही यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याच्या पाठीमागच्या बाजूस काय आहे हे पाहिल्याखेरीज त्यांचे समाधान होत नसे. त्यांची आवडही ठरलेली होती : प्रभातचे चित्रपट, जुनी नाटके, आणि नव्यांपैकी विशेषेकरून २००४ सालचा ‘श्वास’. वयोमानाने कान मात्र थोडे मंद झाले होते, आणि शेजारच्यांकडे लावलेला सिनेमा पाहून आले की त्यांची एकच तक्रार असे, “चित्र दिसतं रे, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही.”

दुकानदाराने समान किमतीची दोन यंत्रे पुढ्यात ठेवली. “साहेब, हे घ्या. फाइव्ह पॉइंट वन आहे, मागं सहा पिना आहेत, पुढं दोन माइक लागतात. तो दुसरा साधा आहे, त्याला नुसता पिक्चर चांगला.” त्याची शिफारस प्रामाणिक होती. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत नोकरीस आलेले, एका खोलीत चौघे-पाचजण राहणारे तरुण हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. त्यांना सुटीच्या दिवशी मोठ्या आवाजात गाणी हवी असत, आणि माइक लावून स्वतः गाता आले तर अधिकच आनंद. त्यांच्या दृष्टीने नादाच्या सोयींना अग्रक्रम देणे यथायोग्यच होते. प्रश्न आमच्या घरचा होता, आणि दादांच्या तक्रारीकडे पाहता प्रथमदर्शनी निवाडा नादाच्याच बाजूने झुकत होता.

परंतु डीव्हीडीची घडण विचारात घेतली की पारडे फिरते. तबकडीवर चित्रासाठी सेकंदाला जास्तीत जास्त ९८ लाख बिट इतकी जागा राखलेली असते, तर सहा वाहिन्यांच्या डॉल्बी डिजिटल ध्वनीला ४ लाख ४८ हजारांहून अधिक मिळत नाहीत. म्हणजे यंत्राच्या परिश्रमाचा फार मोठा वाटा चित्राची संकोचलेली घडी उलगडण्यात खर्च होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्या प्लेअरला पाठीमागे कोअॅक्सिअल नावाचे एकच लहान डिजिटल छिद्र असते, त्यातून डॉल्बीचा ध्वनी जसाच्या तसा, न उलगडता बाहेर पडतो आणि त्याचे सहा भाग अँप्लिफायर करतो. तेथे प्लेअर हा केवळ पत्र पोचविणारा हलकारा, मजकुराशी त्याचा संबंध नाही. दोन हजारांचा प्लेअर असो वा वीस हजारांचा, त्या तारेतून जाणारे आकडे तेच. चित्राचे तसे नाही. आमच्या टीव्हीला जे चित्र मिळणार ते प्लेअरच्या पोटातच उलगडले जाऊन, विद्युत्-लहरीचे रूप घेऊन बाहेर येणार, आणि तेथे राहिलेला दोष पुढे कितीही पैसे ओतले तरी निस्तरता येणार नाही. आवाज आज निकृष्ट असला तर दोन वर्षांनी स्पीकर घेऊन सुधारता येतो. चित्राची अशी दुरुस्ती नाही. अल्प पैशांत एकच गोष्ट चांगली मिळत असेल तर ती चित्राची घ्यावी, हे माझे मत त्या दुकानात उभ्या उभ्या पक्के झाले, आणि आजही त्यात फेर पडलेला नाही.

मत पक्के झाले तरी रुजुवात हवीच. म्हणून मी घरून दोन तबकड्या नेल्या होत्या : १९३६ सालचा दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’, आणि एका लग्नाचे चित्रण, ज्यात लाल शालू, गुलाल आणि झेंडूची तोरणे भरपूर होती. कृष्णधवल चित्रपट ही यंत्राची फार कठोर परीक्षा असते, कारण तेथे रंगाच्या आड लपावयास जागा नाही. विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील उजेडाच्या पायऱ्या एकीतून दुसरीत मृदुपणे उतरतात की मध्येच पट्टे पडतात, हे लगेच दिसते. शिवाय त्या चित्रपटाचा नाद एकाच वाहिनीचा; त्याला सहा पिनांचा काडीमात्र उपयोग नाही. लाल रंगाची परीक्षा निराळी. काही प्लेअरांत रंगाची माहिती चुकीच्या ओळींवर पसरली जाते आणि गडद लाल वस्तूंच्या कडांना आडव्या बारीक दातऱ्या येतात. सहा पिनांच्या यंत्रावर शालूच्या काठाला त्या दातऱ्या स्पष्ट दिसल्या. ‘साध्या’ यंत्रावर काठ सरळ राहिला.

दुकानदार दोन्ही यंत्रे एका पिवळ्या पिनेवरच दाखवीत होता. त्या पिनेतून उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबले जातात व परस्परांत मिसळतात. आमच्या २९ इंची टीव्हीला कॉम्पोनंटची हिरवी-निळी-लाल अशी तीन छिद्रे होती आणि ती आजवर रिकामीच पडली होती. त्या तीन तारा लावून पाहावयास सांगितले, तेव्हा अक्षरांच्या कडांवर सरपटणारे ठिपके नाहीसे झाले. खोक्यावर ‘प्रोग्रेसिव्ह स्कॅन’ असेही ठळक छापलेले होते. पण जुन्या काचेच्या टीव्हीला ती पद्धत पेलत नाही, ती चालू केली की पडदा फाटल्यासारखा दिसतो, म्हणून त्या शब्दाला आमच्या घरी किंमत शून्य. शेवटी चित्र चांगले असणारा आणि कोअॅक्सिअल छिद्र असलेला तोच ‘साधा’ प्लेअर मी पावती करून घेतला.

दादांच्या कानांचा प्रश्न त्यामुळे सुटला नव्हता, हे खरे. सहा वाहिन्यांच्या चित्रपटात संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत असतात. टीव्हीच्या दोन स्पीकरांसाठी त्या सहांचे मिश्रण केले की संवाद दोहोंकडे वाटले जाऊन पार्श्वसंगीताच्या खाली दबतात. यावर उपाय प्लेअरच्याच यादीत एका कोपऱ्यात असतो. ‘डीआरसी’ अथवा ‘नाईट मोड’ या नावाची ती सोय मोठा आवाज खाली आणि हळू आवाज वर आणते. ती पूर्ण चढविली तेव्हा दादा पहिल्या रात्री ‘श्वास’मधील आजोबांचे हळू आवाजातील बोलणे आवाज न वाढविता ऐकू शकले. नातवाच्या डोळ्यांच्या कर्करोगाची ती कथा. तिथे आजोबाचा एक शब्दही निसटून चालत नाही. पुढे एक जुना अँप्लिफायर मिळाला, कोअॅक्सिअलची तार त्यास जोडली आणि मधल्या स्पीकरचा आवाज चार घरे वर केला, तेव्हा त्यांची तक्रार कायमची मिटली. प्लेअर तोच राहिला.

आमच्या गावाला खाऱ्या वाऱ्याचा एक वेगळाच जाच आहे. समुद्राकाठच्या घरांत पिनांच्या पितळेला वर्ष-दोन वर्षांत हिरवट गंज धरतो आणि चित्रात खरखर येऊ लागते. यंत्राला दोष देण्यापूर्वी पिना काढून कोरड्या फडक्याने पुसाव्यात. जितकी छिद्रे अधिक तितकी गंजावयास जागा अधिक, हाही सहा पिनांच्या विरुद्धचा एक व्यवहारी मुद्दा समजावा.

आता नव्या टीव्हींना कॉम्पोनंटची छिद्रे क्वचितच असतात. एकाच एचडीएमआय तारेतून चित्र व नाद दोन्ही जातात. तरीसुद्धा तबकडीवरील चित्राची घडी आजही प्लेअरच उलगडतो. ज्यांच्या घरी जुन्या नाटकांच्या, लग्नांच्या आणि प्रभातच्या तबकड्या अजून आहेत व जे त्यांच्यासाठी स्वस्तातला प्लेअर शोधीत आहेत, त्यांना माझी विनंती एवढीच, की दुकानात जाताना स्वतःची तबकडी न्यावी, लाल रंगाच्या कडा पाहाव्यात, आणि खोक्यावरील नादाची बिरुदे वाचण्यापूर्वी यंत्र उलटे करून त्याची पाठ पाहावी.